वाजणारा पंप

“बंद नको करू गो बाय, वाजू दे! पोर निजंल नायतर.”

लखमाने अनितासिस्टरचा हातच धरला. सिद्धगडाच्या पायथ्याशी त्याच्या वाडीत कुणाला विंचू-सर्प चावला की उशाशी थाळी वाजवत बसायची रीत. डोळा लागला की माणूस गेला, ही समजूत. सकाळी पेंढा ओढताना त्याच्या हर्षालीला लाल विंचू चावला होता. आता तिच्या उशाशी हे औषधाच्या पंपाचं डबडं आपणहून वाजतंय, म्हणून बापडा हरखला होता.

“दादा, ते तिला जागवत नाही,” अनिता म्हणाली. “त्याचीच बॅटरी संपतेय.”

कुणा दात्याने दिलेला तो पंप मुरबाडजवळच्या त्या लहानशा दवाखान्याचा लाडका होता. भलता आकडा दाबला तर ठाम नकार द्यायचा. विंचवाच्या विषाने ढासळणाऱ्या हृदयाला उभारी देणारं औषध इतक्या बारीक मापाने सोडायचा, की माणसाच्या हाताला ते साधू नये. पण बॅटरी जुनी, दुपारचं भारनियमन सुरू, आणि जनरेटर हूं की चूं करत नव्हता.

बाहेर डॉक्टर फोनवर ओरडत होते. आत डोकावून म्हणाले, “ॲम्ब्युलन्स शहापूरहून निघालीय म्हणे. सांभाळा, सिस्टर!”

तेवढ्यात पंप गप्प झाला.

“थापड मार त्याला! आमचा रेडिओ तसाच चालतं,” लखमा म्हणाला.

अनिताने थापडही मारून पाहिली. मग पंपातून नळी सोडवली आणि तिच्यावरच्या, थेंब कमीजास्त करायच्या साध्या चाकीवर अंगठा ठेवला. जरा सैल केलं की पोरीची नाडी उधळे, जरा आवळलं की बोटाखालून विरून जाई.

“हर्षाली, शाळेत कुठली कविता शिकवली गो? म्हण की.”

“सगली नाय येत.”

“येते तेवढी म्हण.”

दोन ओळी झाल्या. तिसरीला नुसते ओठ हलले.

डॉक्टर धावत आले. छाती दाबत राहिले, दाबत राहिले, आणि मग त्यांनी हात मागे घेतले. दाराशी ॲम्ब्युलन्स वळत होती. नळीत थेंब पडतच होते. अनिताचा अंगठा चाकीवरून हलेना.

लखमाने तो दोन्ही हातांनी, रुतलेला काटा काढावा तसा, हळूच उचलला.

“सोड आता, बाय,” तो म्हणाला. “पोर निजली.”