शोकेसमधलं पेट्रोल

मी एक लिटर पेट्रोल बोलतोय. जमिनीच्या पोटातलं नव्हे बरं का! माझा जन्म शिरोली एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये झाला.

छतावर उन्हाची वीज तयार व्हायची. त्या विजेनं पाण्यातला हायड्रोजन वेगळा काढला. साखर कारखान्यात मळी आंबताना, उसानं हवेतून घेतलेला जो कार्बन डायऑक्साइड वायू उगाच परत हवेत जातो, तो धरून आणला. दोघांची गाठ घालून प्रियदर्शनी नावाच्या संशोधक मुलीनं मला घडवलं. चार वर्षं लागली. पुढं महिन्याभरात प्रयोगाचा निधी आटला नि शेडला कुलूप लागलं. त्यामुळं मला भावंडं नाहीत.

तिचे वडील आकाराम बत्तीस वर्षं शिवाजी पेठेत रिक्षा चालवायचे. रोज सकाळी गाडी चालू करून सायलेन्सरपुढं पांढरा रुमाल धरायचे नि काजळी बघून इंजिनाची तब्येत ओळखायचे. रुमाल त्यांच्या बायकोनं, विठाबाईंनी धुवायचा. छातीतली काजळी मात्र कुणाला धुता आली नाही. आता चार पावलं चालले तरी त्यांना धाप लागते.

मला लेकीच्या ढालींशेजारी शोकेसमध्ये बसवलं ते त्यांनीच. आल्यागेल्याला सांगायचे, "पावणं, हवेतनं काढलंय माझ्या पोरीनं!" मी मनात म्हणायचो, अहो, मी काय बघायची वस्तू आहे? वर्षभर नुसता बसून राहिलो. लाज वाटायची.

काल दवाखान्यात डॉक्टरांनी आकारामांचे थोडेच दिवस उरलेत म्हणून सांगितलं. घरी आल्यावर प्रियदर्शनी म्हणाली, "आबा, हे एकदा रिक्षात घालूया?"

"खुळी का काय? पयला लिटर हाय. परत गावायचा न्हाय."

विठाबाई दारातून म्हणाल्या, "तुमी तरी परत गावणार हायसा व्हय? डोळ्यांनी बघून घ्या की."

आकाराम भिंत धरून उठले. मग त्यांनी स्वतःच शोकेस उघडली.

आता सकाळ झाली आहे. मी रिक्षाच्या टाकीत आहे. मी काही साधुसंत नाही. जळेन तेव्हा धूर माझाही होईल. पण जे हवेतून घेतलं तेच हवेला परत देईन. माणसांनो, माझी आठवण जपू नका. त्या शेडचं कुलूप काढा.

आकाराम रुमाल घेऊन पुढं झाले. विठाबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"तुमी लांब बसा. लई वर्सं धुतला, आज मी धरते."

आकाराम खुर्चीत टेकले. श्वास गोळा करून म्हणाले, "कर चालू, पोरी."