घड्याळाखाली दबलेली मी

मी गाडीतली एअरबॅग बोलतेय, ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढची. मोठ्याने बोलायची पाळी माझ्यावर आयुष्यात एकदाच आली, पण काय बोलले म्हणता!

कारखान्यात एका ताईने माझी शिवण बोटाने तपासली, घड्या घातल्या आणि "कधी उघडायची वेळ न येवो," म्हणत मला डब्यात बंद केलं. मला तर उघडायची भारी हौस. सीटबेल्ट माझा थोरला भाऊच. तो बजावायचा, "आधी मी धरणार, मग तू. एकटीने उड्या मारू नकोस."

गाडी एका दंतवैद्याने घेतली. शेजारी बसायची त्यांची बायको, निवृत्त मुख्याध्यापिका. घरात सगळे त्यांना बाईच म्हणत, नवरासुद्धा. शाळेने निरोपाला दिलेलं पितळी घड्याळ बाईंनी आणलं आणि पक्क्या गोंदाने थेट माझ्या झाकणावर चिकटवलं.

"अहो बाई, गाडीत घड्याळ आहे की," डॉक्टर म्हणाले.

"ते दोन मिनिटं मागे आहे."

माझा जीव टांगणीला लागला. मी उघडले तर ते घड्याळ सरळ बाईंच्या तोंडावर जाणार. हौस पार जिरली. कुणी जोरात ब्रेक दाबला की मी मनात म्हणायची, आज नको, आज नको.

सर्व्हिसिंगला मेकॅनिकला घड्याळाच्या कडेने डोकावणारी 'एअरबॅग'ची अर्धी अक्षरं दिसली. "बाई, खाली काय लिहिलंय ते वाचलंत का?"

बाईंनी वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "आयुष्यभर मुलांना सांगत आले, आधी नीट वाचा." आणि स्वतः खरवडून घड्याळ काढलं. मला केवढं हलकं वाटलं!

आठव्याच दिवशी वळणावर टेम्पो आडवा आला. धडक बसली. सीटबेल्टदादाने बाईंना घट्ट आवळलं आणि मी झाकण फोडून सुसाट निघाले, पापणी लवायच्या आत टम्म फुगले. बाईंचा चेहरा माझ्यात रुतला. मग मी श्वास सोडत सोडत त्यांना अलगद सावरलं. नाक तेवढं खरचटलं.

आता मी गॅरेजमध्ये रिकामी लोंबतेय. आमचं काम एकदाच, उद्या माझ्या जागी नवी बसेल. बाई आज येऊन गेल्या. बाजूला आणून ठेवलेल्या नव्या झाकणावरची अक्षरं मोठ्याने वाचली आणि डॉक्टरांनाही वाचायला लावली. डॉक्टरांनी मुकाट्याने वाचली.

तुम्हीही पट्टा लावा आणि आमच्या झाकणावर काही ठेवू नका, एवढंच मागणं.

जाताना बाईंना माझ्यावर लागलेली त्यांच्या चेहऱ्याची पावडर दिसली. पुसायला त्यांनी रुमाल काढला, आणि तशीच राहू दिली. ती घेऊन मी निघते.