शेगडी तीच आहे

बेआटने कलश उचलला आणि कलशाचा तळ शेगडीवरच राहिला.

आधी दोघांच्याही काही लक्षात आलं नाही. मग राखेची एक बारीक धार बेआटच्या मोज्यावर पडली, आणि बघता बघता जाड झाली.

"उलटा कर," उर्सिना म्हणाली.

"काय?"

"कलश. झाकण खाली कर."

त्याने केला. झाकणाने तग धरला. स्वयंपाकघरात जळक्या लाह्यांचा वास भरला होता. कलश मक्यापासून बनवलेला होता. मातीत पुरला तर वर्षभरात विरघळतो, असं दुकानदाराने सांगितलं होतं. उष्णतेचं त्याने काही सांगितलं नव्हतं. या कलशाला पुन्हा उष्णता लागेल, असं बहुधा कुणी धरूनच चाललं नव्हतं.

"पप्पा डोक्यावर उभे आहेत," बेआट म्हणाला.

"चिकटपट्टी आण. झाकण पक्कं कर."

तो निघाला.

"मोजा," ती म्हणाली.

बेआट थांबला. तो मोजा त्याने जागेवरच काढला, आतली बाजू बाहेर करून त्याची गाठ मारली, आणि पुसलेल्या फरशीवर डाग पडू नये म्हणून एका पायावर उड्या मारत बाहेरच्या खोलीत गेला.

चूक दोघा भावंडांची अर्धी-अर्धी होती. कलश शेगडीवर उर्सिनाने ठेवला होता, कारण ओटा पुसून झाला होता आणि पुसलेल्या ओट्यावर कलशाचं वर्तुळ उमटलं असतं. खिडकीची कड पुसून झाली होती. फरशी पुसून झाली होती. अख्ख्या घरात न पुसलेली जागा एकच उरली होती, ती विजेची, काचेची शेगडी. ती सगळ्यांत शेवटी करायची होती. आणि शेगडीची बटणं बेआटने पुसली, दात घासायच्या जुन्या ब्रशने, खाचाखाचांतून, गोल गोल फिरवून. त्यातलं एक फिरलेलंच राहिलं.

सव्वानऊ वाजले होते. अकराला ओडरमाटबाई घर तपासायला येणार होत्या.

पप्पा, म्हणजे मेलखिओर फ्लुरी, ओल्टनच्या या इमारतीत अडतीस वर्षं राहिले, त्यातली सव्वीस वर्षं हाउसवार्ट, म्हणजे इमारतीचे देखभालदार, म्हणून. जिने, दिवे, बर्फ, कचऱ्याचे वार, सगळं त्यांच्याकडे. कुणी घर सोडलं की व्यवस्थापनाच्या वतीने तपासणीही तेच करत. बॅटरी तिरकी धरून ते शेगडीच्या काचेवर वाकायचे आणि काही न बोलता रकान्यात 'सदोष' लिहायचे. माणूस शिवी परवडली म्हणायचा. ओडरमाटबाई तिसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर राहायला आल्या, तेव्हा फ्लुरींनी त्यांना तिसऱ्या मजल्यावरची शेगडी तीनदा घासायला लावली होती. आता हाउसवार्ट ओडरमाटबाई होत्या.

फ्लुरी जाऊन तीन आठवडे झाले होते. या तीन आठवड्यांत उर्सिनाला रडू आलं नव्हतं, भूक लागली नव्हती, आणि हवं असं काही वाटलं नव्हतं, एक सोडून: पप्पांच्या नावाच्या कागदावर 'सदोष' हा शब्द यायला नको. तिने नोकरीवरून दोन दिवसांची रजा काढली होती. राख पुरायच्या विधीला एका दिवसाची काढणार होती.

बेआट चिकटपट्टी घेऊन आला. झाकणाभोवती त्याने सात वेढे दिले.

"आता ही कशात भरायची?" त्याने शेगडीवरच्या राखेच्या ढिगाकडे हनुवटी केली.

"काय आहे आपल्याकडे?"

सगळं सामान काल गेलं होतं. बादली ओली होती. नगरपालिकेच्या कचरापिशव्यांचा गुंडाळा होता. बेआटने त्याच्याकडे पाहिलं. उर्सिनाने बेआटकडे पाहिलं. त्याने नजर वळवली.

"माझा डबा आहे," तो म्हणाला.

"काय आहे त्यात?"

"दोन सुके सॉसेज. आणि चीज."

"मग खा."

"आता?"

"डबा लागणार आहे ना."

बेआटने बेसिनवर वाकून चीज आणि मग दोन्ही सॉसेज खाल्ले. कडक होते, वेळ लागला. तोवर उर्सिनाने कॅलेंडरच्या एका जाड पानाने राख गोळा केली. राख हातावर येत होती आणि ती राख होती, एवढंच. बेआटने डबा धुतला, कोरडा केला, मग बेसिन पुन्हा पुसलं. राख डब्यात गेली. गाठ मारलेला मोजाही गेला.

"वर लिहून ठेवू का काही?" तो म्हणाला. "उद्या परत कामावर नेईन चुकून."

"झाकण लाव."

शेगडीवर आता ताटाएवढी तपकिरी चकती राहिली होती, कडेला फुगलेली, मध्ये काळी. काच अजून गरम होती म्हणून ती निघाली. उर्सिनाने पात्याचा स्क्रॅपर तिरका धरला आणि पापड सोडवावा तशी सोडवली, तुकड्या-तुकड्याने. पण तिच्याखाली एक पिवळट सावली उरली. आणि डावीकडे, पुढच्या वर्तुळावर, जुना डाग तर सकाळपासून होताच. गेल्या हिवाळ्यात पप्पा दूध गॅलरीत नेऊन ठेवायला आणि रिकामं पातेलं तापवायला लागले होते. कधी उलटंही व्हायचं: पातेलं गॅलरीत आणि दूध थेट काचेवर. त्या उलट्या दिवसांचं दूध थरावर थर देऊन काचेत बसलं होतं.

त्यांनी सगळं करून पाहिलं. व्हिनेगर ओतलं, खायच्या सोड्याचा लेप देऊन वर ओलं फडकं वीस मिनिटं ठेवलं. शेगडीसाठी मिळतं ते पांढरं मलम बाटली कापून आतून पुसून घेतलं. पातं बदललं. डाग फिकट झाला, पण जागचा हलला नाही.

"लांबून दिसत नाही," बेआट म्हणाला.

"बॅटरी आणतील त्या."

"बॅटरी पप्पा आणायचे."

"ती बॅटरीसुद्धा त्यांच्याकडेच आहे आता. किल्ल्यांबरोबर मीच दिली."

दहा वाजून दहा मिनिटं झाली. उर्सिनाने फडकं पिळलं आणि काचेवर जी करडी धूळ राहिली होती ती तरी काढावी म्हणून एक हात मारला. दोन. तिसऱ्याला ती थांबली. पिवळट सावलीतून फडकं जिथून गेलं होतं तिथे काचेत छतातली वायर स्वच्छ दिसत होती. दिवे काल काढले होते, नुसत्या वायरी लोंबत होत्या.

तिने आणखी एक हात मारला.

"काय करतेयस?" बेआटने विचारलं.

"पुसतेय."

"कशाने?"

ती पुसत राहिली. बेआट जवळ येऊन बघत राहिला. त्यांच्या आजोळी, डोंगरातल्या घरी, लाकूड जाळायच्या बंद चुलीच्या दाराची काच आजी त्या चुलीतल्याच राखेने घासायची. ओला कागद राखेत बुडवायचा आणि गोल फिरवायचा. हे दोघांनाही ठाऊक होतं.

उजवी बाजू लख्ख झाली. डावीकडे दुधाच्या डागाशी फडकं आलं आणि नुसतंच घसरायला लागलं. धूळ संपली होती.

"अजून चिमूटभर लागेल," उर्सिना म्हणाली.

बेआटने डब्याकडे पाहिलं. मग खाली, स्वतःच्या उघड्या पायाकडे.

"पप्पांनी हे बघितलं असतं तर?"

"आधी ओलं फडकं, मग कोरडं, असं म्हणाले असते."

"आणि कडा विसरू नका."

"हो, कडा."

त्याने डबा उघडला आणि मीठ पुढे करावं तसा तिच्यासमोर धरला. उर्सिनाने दोन बोटांनी घेतली. पुरली नाही; पुन्हा घेतली. मग तिने पूर्ण काच केली, चारही वर्तुळं, मधली जागा, कडा. बेआट कोरड्या फडक्याने मागून येत गेला. दुधाचा डाग पाचव्या-सहाव्या हाताला गेला, जणू नव्हताच. दोन्ही फडकी डब्यात कोंबून बेआट झाकणावर बसला, तेव्हा कुठे ते लागलं.

ओडरमाटबाई अकराला पाच मिनिटं असताना आल्या आणि अकरा वाजेपर्यंत दाराबाहेर उभ्या राहिल्या. मग घंटा वाजली. बुटांवर निळ्या पिशव्या, काखेत पुठ्ठ्याची जाड फाइल, हातात पप्पांची बॅटरी. त्यांनी बेआटचा एक मोजा पाहिला. तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

"वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. "कडक होते, पण सरळ होते."

"आभारी आहे," उर्सिना म्हणाली.

न्हाणीघर, खिडक्या, पडद्यांचे रूळ. योग्य. योग्य. योग्य. स्वयंपाकघरात त्यांनी फाइल ओट्यावर ठेवली, बॅटरी तिरकी धरली आणि शेगडीवर वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"नवीन बसवलीत?"

"नाही," उर्सिना म्हणाली.

"अकरा वर्षं वापरलेली शेगडी अशी दिसत नाही, फ्लुरीबाई. मी रोज बघते. तुमच्या वडिलांनी मला बघायला शिकवलंय." त्या सरळ झाल्या. "डाग असता तर मी डाग लिहिला असता. फार तर पुन्हा घासायला सांगितलं असतं. पण विचारल्याशिवाय शेगडी बदलणं म्हणजे 'विनापरवानगी बदल'. तो वेगळा रकाना आहे. तिथे मी अजून कुणाचंच नाव लिहिलेलं नाही."

"शेगडी तीच आहे," बेआट म्हणाला. "आम्ही फक्त..."

"घासली," उर्सिना म्हणाली.

"कशाने?"

"घरात होतं त्याने."

ओडरमाटबाईंनी पेनाचं टोपण काढलं. उर्सिना त्या टोपणाकडे पाहत राहिली. दोन दिवस घासून पप्पांच्या नावापुढे डागाहून वाईट काही लागणार होतं, आणि ते लागणार होतं कारण डाग नव्हता.

"फाइल बघा ना," बेआट म्हणाला. "शेगडी बसवली तेव्हा काही तरी लिहिलं असेल. नंबर वगैरे. पप्पा सगळं लिहायचे. मला एकदा टोमॅटो आणल्याची लेखी पोच दिली होती त्यांनी."

बाईंनी पानं उलटली. फ्लुरींचं टोकदार, उभं अक्षर पानापानावर होतं. एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं.

"नंबर नाही. पण ही नोंद आहे. 'सदनिका सात. काचेची शेगडी. डावीकडे, मागच्या वर्तुळालगत, ओरखडा, दोन सेंटिमीटर. सदोष.'" त्यांनी चष्मा वर केला. "सदनिका सात म्हणजे हीच."

"स्वतःच्याच घरात सदोष?" बेआट म्हणाला.

"ओरखडा असेल तर शेगडी तीच," बाई म्हणाल्या. "बघू या."

तिघांनी डोकी जवळ आणली. गेले दोन दिवस ज्या काचेवर काही दिसू नये म्हणून उर्सिनाने हात मोडून घेतले होते, तिच्यावर काही तरी दिसावं म्हणून ती आता श्वास रोखून बघत होती. बाईंनी बॅटरी एकदा इकडून धरली, एकदा तिकडून. बेआट गुडघ्यांवर बसला आणि काचेच्या पातळीत डोळा आणून बघू लागला.

"इथे," तो म्हणाला. "हा बघा."

केसाएवढी करडी रेघ होती. सकाळपर्यंत ती कुणाला दिसली नव्हती. आता तिच्यात राख बसली होती म्हणून दिसत होती.

ओडरमाटबाईंनी पट्टी लावली. "दोन सेंटिमीटर," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा स्वर पहिल्यांदाच जरा खाली आला. "तुमच्या वडिलांचं माप." मग फाइलवर वाकून त्यांनी उरलेली ओळ वाचली. "'कारण: स्क्रॅपर चुकीचा धरला. कुणी: मी स्वतः, मे. फ्लुरी. चौदा नोव्हेंबर, दुपारी साडेतीन.'"

बेआट गुडघ्यांवरून उठला.

"चौदा नोव्हेंबर," बेआट म्हणाला.

उर्सिनाने मान हलवली.

"मम्मीला त्या दिवशी पुरलं," बेआट बाईंना म्हणाला. "नंतर सगळे जेवायला गेलो होतो. पप्पा मध्येच उठले, कोट घेतला आणि गेले. गुरुवार होता. खालच्या सामाईक मशिनवर कपडे धुवायची पप्पांची पाळी गुरुवारी असायची." तो थांबला. "आम्हाला वाटलं, पाळी चुकू नये म्हणून गेले."

"अकरा वर्षं वाटलं," उर्सिना म्हणाली.

ओडरमाटबाईंनी फाइल मिटली. खिशातून मऊ फडकं काढलं, त्याची घडी बोटावर घेतली.

"यात काही तरी बसलंय," त्या म्हणाल्या. "काढून देते. मग हे जवळजवळ दिसणारही नाही. 'योग्य' लिहून टाकते."

उर्सिनाने उजवा तळहात त्या रेघेवर ठेवला.

"राहू दे."

"मग मला 'सदोष' लिहावं लागेल."

"लिहा."

बाईंनी बेआटकडे पाहिलं. बेआट शेगडीच्या बटणांकडे बघत होता. त्यांनी लिहिलं, कागद फिरवून उर्सिनाच्या बाजूला सरकवला आणि पेन पुढे केलं.

काच आता गार झाली होती. उर्सिनाने हात तसाच ठेवला, आणि सही डाव्या हाताने केली.