लांबचा खडक

नागसेननं पँट गुडघ्याच्या वर दुमडली आणि दवाखान्याच्या बाकावर पाय लांब करून पट्टी सोडवायला घेतली. चिकटलेलं कापड ओढताना दात आवळायची त्याला सवय झाली होती, पण आज ते अलगद हातात आलं. खाली गुलाबी, कोवळी कातडी होती. उन्हाळ्यात याच जागेवर चिंचोक्याएवढ्या गाठी उठायच्या, फुटायच्या, पुन्हा उठायच्या. "समुद्रातल्या घाण पाण्याचं दुखणं आहे," डॉक्टरीणबाई पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या. "खरचटलेल्या जागेतून आत शिरतं. हट्टी आहे, पण माणसाकडून माणसाला लागत नाही." हे शेवटचं ऐकून त्याला रडूच आलं होतं, कारण तोवर तो घरात स्वतःचं अंथरूण, ताट, तांब्या सगळं वेगळं ठेवून राहत होता.

शेजारी बसलेली बाई वाकून त्याचा पाय बघत होती.

"आमच्या ह्यांचंबी असंच हाय," ती म्हणाली. "दाखवा की ओ."

नवऱ्यानं लाजत बाही वर सारली. कोपराखाली जांभळट गाठींची रांग लागली होती. नागसेननं त्या बघताक्षणी ओळखल्या.

"कशानं झालं?"

"दसऱ्याला समुद्रावर गेलतो." नवरा पेठ वडगावचा होता, धनपाल नावाचा. तिथं बाजारात त्याचं भांड्यांचं दुकान होतं. "पाण्याखाली नेत्यात बघा, पाठीला नळकांडं बांधून. मासे दाखवत्यात. आपल्या कोल्हापूरचाच माणूस चालवतोय. बाळासो म्हणून हाय, स्टँडसमोर बुकिंग घेतोय."

नागसेननं हातातली पट्टी गुंडाळायची ती तशीच धरून ठेवली. बाळासो त्याचा लहानपणापासूनचा दोस्त आणि धंद्यातला जोडीदार. गिऱ्हाईक आणायचं बाळासोनं, खाली न्यायचं नागसेननं, असं दोघांचं ठरलेलं. पावसाळ्यात धंदा बंद असतो, तेव्हा नागसेन दुखणं घेऊन घरी आला, तो अजून घरीच होता. दिवाळी होऊन गेली होती. दर आठवड्याला बाळासोचा फोन यायचा, तू बरा हो, होडी तुझ्यावाचून अडलीय म्हणायचा. आज डॉक्टरीणबाईंनी होकार दिला की संध्याकाळच्या एसटीनं निघायचं, एवढंच नागसेनच्या मनात होतं.

"मग त्यांना सांगितलं न्हाय व्हय?" त्यानं विचारलं.

"सांगितलं की. फोन केला. माणूस लई भला. म्हणाला, आमच्यात एक पाणबुड्या हुता, त्याला कातडीचा रोग. लपवून ठेवलाता त्यानं. त्याचाच रबरी पोशाख चुकून तुमच्या अंगाला चढला. आता काढून टाकलंय म्हणाला त्याला."

"असली माणसं कामाला ठेवूच नयेत," बायको म्हणाली. "त्येंच्यापायी दुसऱ्याला ताप."

नागसेनला वाटलं, उठून सांगावं, तो मीच, आणि तुम्ही पाण्यात उतरलात तेव्हा मी दोन डोंगर अलीकडं आईच्या घरात झोपलेलो. त्यानं पट्टी गुंडाळायला घेतली.

"आणि तुम्हाला कशानं झालं, पावणं?" धनपालनं विचारलं.

"पाण्यानं," नागसेन म्हणाला. "गोळ्या मधीच सोडू नका. लई दिवस घ्याव्या लागत्यात."

आत डॉक्टरीणबाईंनी पाय उजेडात धरून बघितला आणि खूश झाल्या. बरा झालास, कामाला लाग, फक्त त्या पाण्यात परत नको, म्हणाल्या. तो बरं म्हणाला आणि बाहेर येऊन थेट स्टँडकडं चालत सुटला.

बाळासो गाळ्यात एकटाच होता. मागं भिंतीवर निळ्या पाण्याचं मोठं पोस्टर, त्यात मास्क लावलेला एक पाणबुड्या गिऱ्हाइकाचा हात धरून खाली चाललेला. तो पाणबुड्या नागसेनच होता.

"आरं, नागू! बस की. चा सांगतो."

"मला काढलंस?"

बाळासोनं मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला.

"कोण म्हणालं?"

"वडगावचा पावणा. हातभर गाठी घेऊन दवाखान्यात बसलाय."

बाळासोनं खुर्ची पुढं ओढली. 

"तुझं नाव घेतलं न्हाय मी. एक पोरगा हुता, एवढंच म्हणालो. आता तूच सांग, पाणी वाईट हाय म्हणालो तर धंदा बसतोय, तुझाबी आणि माझाबी. माणूस वाईट हाय म्हटलं तर माणूस बदलला म्हणून सांगता येतंय."

"लपवलं म्हणालास. मे महिन्यात पहिली गाठ तुला दाखवली मी. सीझन तेवढा काढ, वर रबर चढीव, कुणाला दिसतंय, असं कोण म्हणालं?"

"मग तू ऐकलंस कशाला?"

याच्यावर नागसेनला हसू आलं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही. खाडीच्या तोंडाशी मासळीच्या कारखान्याचा सांडपाण्याचा नळ आणि गावचं गटार दोन्ही येऊन मिळत होती. बोटी तिथंच जवळच्या खडकाला लागायच्या. लांबच्या खडकाला जाऊया, तिथं पाणी निवळ असतंय, हे नागसेननं कितीदा सांगितलं होतं. डिझेल परवडत न्हाय, हे उत्तर ठरलेलं.

"वहिनी आणि तुझी पोरगी आलत्या तवा होडी लांब का नेलीस?"

बाळासोनं पोस्टरकडं बघितलं, दाराकडं बघितलं.

"त्या दिवशी डिझेल हुतं."

एवढंच तो म्हणाला. लाज वाटली असेल तर ती त्यानं नीट गिळली. आणि हाच तो बाळासो, ज्यानं पंचगंगेच्या घाटावर नागसेनच्या पाठीला पत्र्याचा डबा बांधून त्याला पोहायला शिकवलं होतं. डबा सुटला तर मी हाय की खाली, असं तेव्हा सांगायचा, आणि खरंच असायचा.

"हे बघ," बाळासोचा आवाज उतरला, "तुझ्यासारखा माणूस मला घावणार न्हाय. उद्यापास्नं ये. नवीन माणूस म्हणून सांगतो. तोंडावर मास्क असतोय, कोण वळखतंय?"

नागसेन उठला.

"वडगावला फोन कर. पाण्यानं झालंय म्हणून सांग."

"करतो की."

करणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाळासोनं तेवढ्यात मोबाइल उचललाही, पण तो दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा वाजत होता. पाणी कसं हाय म्हणता? काचंवानी हाय, या तुम्ही. नागसेननं ते बाहेर पडता पडता ऐकलं.

घरी मीनाबाई उंबऱ्यात बसून सुपात ज्वारी निवडत होत्या. भरलेली बॅग सकाळपासून दारामागं उभी होती आणि वर त्यांनी बांधून दिलेल्या भाकरीची पिशवी. लेक आला तशी त्यांनी पायाकडं आधी नजर टाकली.

"भरली की रं जखम. मग? एसटी किती वाजता?"

"न्हाय जात."

"बाळासो काय म्हणाला?"

नागसेन पायरीवर बसला. कुठून सांगावं ते त्याला सुचेना. गटार, डिझेल, वडगावचा पावणा, मास्क, या सगळ्यातलं एकच बाहेर पडलं.

"माझ्यामुळं पाणी बाटलं म्हणून लोकांस्नी सांगतोय."

मीनाबाईंची बोटं ज्वारीत थांबली. खडा सापडला होता, तो त्यांनी बाहेर टाकलाच नाही. गल्लीतून सायकलवरचा पाववाला ओरडत गेला.

"आमच्या गावच्या आडावर माझ्या आईला असंच म्हणायचे," त्या म्हणाल्या. "पर ते तोंडावर म्हणायचे."