ताईने घेतलेली परीक्षा

धाकटीला आज गाडीत धड बसवत नव्हतं. खिडकीची काच कधी खाली, कधी वर, मध्येच आरशात केस बघायचे, मध्येच मागे वळून बिस्किटांची पिशवी जागेवर आहे ना ते बघायचं. शेवटी गाडी चालवणारा लिफ्टवाला, तिचा होणारा नवरा, म्हणाला, "अगं, लग्न गुरुवारी आहे. आज नुसतं सांगायला चाललोय."

"सांगणंच मोठं आहे," ती म्हणाली. "ताईच्या कानावर घातल्याशिवाय मला ते खरंच वाटत नाही."

धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करायची. पंचेचाळिशी उलटली होती आणि तिच्या लग्नाचा विषय घरच्यांनी कधीच गुंडाळून ठेवला होता. मग दुकानाच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. ती दुरुस्त करायला हा आला आणि लिफ्ट सुरळीत चालू झाल्यावरही येत राहिला. कधी चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून, कधी नाकावर टोचतो म्हणून. दुकानातल्या पोरी म्हणायच्या, इतका ठणठणीत चष्मा इतका आजारी पडलेला आम्ही पाहिला नाही. पण लग्नाची बातमी फुटली तेव्हा मामापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी तोंडाचा आ करून एकच विचारलं, "आता? या वयात?"

राहिली होती ती ताई. दहा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर धाकटीला तिनेच वाढवलं. ताई गाडी चालवायला शिकवायची. अर्ध्या गावाने पहिला गिअर तिच्या ओरड्याखाली टाकला होता. पन्नाशी गाठते न गाठते तोच ती विसरायला लागली. एकदा तर शेजारी गाडी चालवत असलेल्या विद्यार्थिनीलाच तिने विचारलं, "तू कोण गं?" डॉक्टरांनी अल्झायमर म्हटलं तेव्हा धाकटी त्यांच्याशी भांडली होती, हा म्हाताऱ्यांचा आजार आहे म्हणून. घरी सांभाळणं हाताबाहेर गेलं तेव्हा तिला शुश्रूषा केंद्रात ठेवावं लागलं. तिथे ताई सगळ्यांत तरुण. केस अजून काळेभोर, चाल ताठ. नवे लोक तिलाच तिथली कर्मचारी समजून स्वच्छतागृह कुठे म्हणून विचारायचे आणि ती मोठ्या आत्मविश्वासाने त्यांना स्वयंपाकघरात पाठवायची.

आज ताई खिडकीपाशी बसली होती. धाकटीला बघताच तिचा चेहरा उजळला. "ठके, आलीस होय."

ओळखलं होतं. धाकटीने ताईचे हात हातात घेतले आणि मनात घोकून आणलेलं सगळं विसरून एकदम बोलून टाकलं, "ताई, मी लग्न करतेय."

ताईच्या कपाळावर आठी चढली. "इतक्यात? शिक्षण कोण पुरं करणार तुझं?"

धाकटी आधी गोंधळली आणि मग इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. लग्नाला ती लहान आहे असं म्हणणारं साऱ्या जगात एकच माणूस उरलं होतं आणि ते समोर बसलं होतं. "शिक्षण झालं गं माझं," ती म्हणाली. "नोकरीही आहे."

"मग ठीक," ताई म्हणाली आणि तिने धाकटीला जवळ ओढून तिच्या केसांत तोंड खुपसलं. दोघी हसत होत्या की रडत होत्या, दाराशी उभ्या लिफ्टवाल्याला कळेना.

नर्स चहा घेऊन आली. कप अर्धा झाला असेल, ताईने विचारलं, "मग, काय नवीन?"

धाकटीने नर्सकडे बघितलं. नर्सने तिच्याकडे बघून मान हलवली, सांगा पुन्हा, अशी. धाकटीने सांगितलं, आणि ताईचा चेहरा पुन्हा तसाच उजळला, पहिल्यांदा ऐकल्यासारखा. या वेळी तिने मुलगा हसतो का, ते विचारलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा घोरतो का, ते विचारलं. दुकानात ही बातमी दोन दिवसांत शिळी झाली होती. इथे ती दर घोटाला ताजी होत होती. चौथ्या खेपेला तर धाकटी खुर्चीतून उठून हातवारे करून लिफ्टची सगळी कथा रंगवायला लागली.

"हाच का तो?" ताईची नजर दाराकडे गेली. "गाडी येते का तुला?"

"येते की," लिफ्टवाला म्हणाला.

"येते म्हणणारे खूप बघितलेत. चल, दाखव."

नर्स आधी नको म्हणाली. मग ताई स्वतःच चप्पल शोधायला लागलेली बघून तिने वरिष्ठांना विचारलं आणि आपणही सोबत येते म्हणाली. इमारतीभोवती एक फेरी, गेटच्या बाहेर नाही, या बोलीवर.

ताई चालकाच्या शेजारी बसली, धाकटी आणि नर्स मागे. बसल्याबरोबर ताईचा पाय खाली काहीतरी चाचपायला लागला. शिकवणीच्या गाडीत तिच्या बाजूलाही ब्रेक असायचा. तो सापडेना तशी ती बावरली आणि धाकटीला वाटलं, संपलं, आता ही उतरते. लिफ्टवाला हळूच म्हणाला, "बाई, ही माझी गाडी आहे. ब्रेक माझ्याकडे आहे. तुम्ही फक्त सांगा."

ताईने श्वास घेतला. पाठ ताठ केली. "आरसा बघितलास?"

"हो."

"कशाला खोटं बोलतोस? मान हललीच नाही तुझी."

मागे नर्सने तोंडाला पदर लावला. लिफ्टवाल्याने आरसा बघितला, किल्ली फिरवली, क्लच सोडला आणि गाडीने एक हिसका देऊन मान टाकली. तीस वर्षं गाडी हाकणारा माणूस, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हळू," ताई म्हणाली. आवाज बदलला होता. धाकटी लहानपणापासून ओळखत होती तो हा आवाज. "घाई कुणाला आहे? परत चालू कर. पाय अलगद सोड, झोपलेल्या पोराच्या डोक्याखालचा हात काढतात तसा."

गाडी अलगद निघाली. झाडांखालून, कपडे वाळत घातलेल्या दोऱ्यांजवळून, स्वयंपाकघराच्या मागून. ताई सांगत होती, "वळण येतंय, आधी वेग कमी, मग गिअर. शाब्बास. त्या काकांना जाऊ दे. हॉर्न नको, त्यांना दिसतोयस तू." एकही शब्द अडत नव्हता. खिडक्यांतून लोक बघत होते. कुणीतरी हात केला आणि ताईनेही राणीसारखा हात हलवला. धाकटी मागच्या सीटच्या कडेला येऊन पुढच्या दोन्ही सीटच्या मधून डोकं घालून बसली होती. तिला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. नर्स म्हणाली, "अजून एक फेरी मारा," आणि त्यांनी अजून एक मारली.

गाडी थांबली. लिफ्टवाल्याने हात मांडीवर ठेवून विचारलं, "मग बाई, पास?"

ताईने विचार केला. "गाडीत काठावर," ती म्हणाली. "पण रागावलं तर उलट बोलत नाही. घेऊन टाक ठके, असा मिळत नाही."

गुरुवारी सरकारी कचेरीत सह्या झाल्या. गर्दीत ताई बिथरते, म्हणून तिला आणलं नव्हतं. ही दोघंच नव्या कपड्यांत तिथून थेट केंद्रात गेली. ताईचा तो दिवस बरा नव्हता. तिने धाकटीला ओळखलं नाही. लिफ्टवाल्याकडे तर बघितलंही नाही. धाकटी दारातच थबकली. रस्ताभर पोटात उड्या मारणारा आनंद एकदम कुठे ठेवावा ते तिला कळेना.

तेवढ्यात ताई नर्सला म्हणाली, "या बाईंना खुर्ची द्या ना. किती खुशीत दिसताहेत."

नर्सने खुर्ची सरकवली. ताई पुढे वाकली, धाकटीच्या नव्या साडीचा काठ बोटांनी चाचपून बघितला. "काय झालं हो? सांगा ना."

लिफ्टवाला भिंतीला टेकून उभा राहिला. धाकटी बसली, तिने खुर्ची अगदी ताईच्या गुडघ्यांपर्यंत ओढली आणि म्हणाली, "काय सांगू तुम्हाला. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली होती."