सोमवारची खुर्ची

सोमवारी क्लीव्हलँडमधली न्हाव्याची दुकानं बंद असतात. मी मात्र संध्याकाळी उघडतो, कारण त्या दिवशी माझ्या मधल्या खुर्चीत व्हिटफिल्डबाई बसतात. बाई वकील, फी परवडत नाही अशा बापांची कामं फुकट करतात. आमच्या वस्तीतले लोक वकिलाच्या कचेरीत पाऊल टाकत नाहीत, माझ्याकडे मात्र बिनधास्त येतात.

माझं जुनं गिऱ्हाईक सेड्रिक त्यांपैकीच एक. त्याची सहा वर्षांची तामिया आईकडे, रेनिटाकडे राहते. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे कोर्टाचा हुकूम होईपर्यंत पोरीवर हक्क आईचाच. भांडण झाल्यावर रेनिटाने पोरीच्या भेटीच बंद केल्या. बाईंनी कोर्टात अर्ज केला, गुरुवारची तारीख मिळाली, आणि त्या सोमवारी हा पठ्ठ्या दुकानात येऊन म्हणतो, "मी नाही जाणार."

"का रे बाबा?"

"माझा मामा असाच तारखेला गेला होता, रूफसकाका. कोर्टातूनच बेड्या घालून नेला."

"मामाच्या नावाचं वॉरंट होतं," बाई म्हणाल्या. "तुझ्या नावाचं नाही, मी पाहिलंय. तू गेला नाहीस तर अर्ज फेटाळला जाईल."

"आणि विचारलं, पोरीसाठी काय केलंस, तर? काय सांगू?"

मला संताप आला. "गाढवा, माझ्या बहिणीचं डोकं खाऊन वेण्या घालायला शिकलास, ते कोणासाठी? पोरगी किंचाळेपर्यंत घट्ट घालायचास."

"पुढची भेट कधी होईल, काय भरवसा? जास्त दिवस टिकाव्यात म्हणून..."

गुरुवारी दुकान बंद ठेवून मी त्याला सोबत नेलं. कोर्टाच्या पायऱ्यांवर तो दोनदा थांबला. दोन्ही वेळा मी मागून ढकलला.

आत जज्जबाईंनी रेनिटाला विचारलं, "तुमची हरकत आहे?"

ती म्हणाली, "माझं भांडण त्याच्याशी आहे. पोरगी रोज त्याची वाट बघते. आणि मी रविवारी घातलेल्या वेण्या मंगळवारीच सुटतात."

जज्जबाई हसल्या. दर रविवार सेड्रिकला मिळाला.

पहिल्या रविवारी तामिया माझ्या दुकानात उंच खुर्चीवर बसली. सेड्रिकने कंगवा घेतला आणि सवयीने केस गच्च ओढले.

"बाबा, जरा सैल घाल ना," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी येणारच आहे मी."