न दुखणारी जागा

माझी नणंद मोठ्या दवाखान्यात इन्चार्ज सिस्टर आहे. तिची चाहूल लागली की वॉर्डातले पेशंट म्हणे खोकायचेसुद्धा थांबतात. तोंडावर मी तिला ताई म्हणते. मनात काय म्हणते ते मनातच राहू दे.

सासूबाईंना इन्सुलिन सुरू झालं तेव्हा टोचायचं कोणी, हा प्रश्न आमच्या घरात पडलाच नाही. आमचे हे सुई बघितली की पांढरे पडतात, ताई परगावी, मग उरलं कोण? ताईंनी सुट्टी काढून मला शिकवलं, आणि शिकवलं झकास, खोटं कशाला बोलू. हात धुवायचे. बाटलीवरचं नाव वाचायचं, औषध भरल्यावर पुन्हा वाचायचं. गढूळ औषधाची बाटली हिसडायची नाही, दोन्ही तळहातांत धरून हळू फिरवायची. सिरिंजमधली हवा काढायची. बेंबीपासून दोन बोटं सोडून कातडीची चिमटी धरायची, सुई सरळ आत, औषध गेलं की दहापर्यंत मोजायचं आणि मगच काढायची. वर चोळायचं नाही. आणि रोज जागा बदलायची, आज पोटाची डावी बाजू, उद्या उजवी, मग मांडी. सरावाला मला एक संत्रं दिलं. संत्रं ओरडत नाही, एवढीच काय ती त्या शिक्षणात खोट.

दम्याचा पंपही त्याच वेळी आला होता. ताईंसमोर सासूबाई म्हणजे वर्गातली पहिली मुलगी. पंप हलवला, श्वास पूर्ण सोडला, दाबता दाबता सावकाश आत ओढला, रोखून धरला, मग चूळ भरली. "बघ, आई किती छान घेते!" ताईंची पाठ वळली की तोंडात नुसतं फुस्स, अत्तर मारल्यासारखं. चूळ भरा म्हटलं तर "तूच भर." लेकीपुढच्या सासूबाई वेगळ्या आणि माझ्या वाट्याच्या वेगळ्या. लग्न झाल्यापासून बघतेय मी.

सुरुवातीला जागा बदलत होते. मग बेंबीच्या डावीकडे एक जागा सापडली, तिथे त्यांना दुखायचंच नाही. "तिथेच दे गं."

"आई, ताईंनी जागा बदलायला सांगितलंय."

"ताईला टोचतंय का कोणी?"

एक दिवस मी हट्टानं मांडीत दिलं. झालं! दिवसभर अन्नाला शिवल्या नाहीत, आणि संध्याकाळी हे कामावरून आले तर मांडी दाखवून रडल्या. यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "अगं, तिला बरं वाटतं तिथे दे ना. म्हातारं माणूस आहे. कशाला नियम दाखवतेस?"

दिलं. रोज, सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं तिथेच दिलं. ती जागा हळूहळू फुगली, मऊ झाली. सासूबाई कौतुकानं तिला "माझी उशी" म्हणायच्या. आणि साखर चढत राहिली. डॉक्टर डोस वाढवायचे, साखर ढिम्म, पुन्हा वाढवायचे. सुरुवातीच्या तिप्पट डोस झाला. ताईंचा फोन ठरलेला. "गोड देतेस का गं तिला? की इंजेक्शन चुकवतेस?" मी आणि चुकवते! सख्ख्या भावाच्या लग्नातून अर्ध्यात उठून आले होते मी, इंजेक्शनची वेळ झाली म्हणून. माहेरच्यांनी अजून माफ केलेलं नाही.

मग मागच्या आठवड्यात ताई स्वतःच आल्या. सकाळी हात धुऊन उभ्या राहिल्या. "आज मी देते. बघू साखर कशी उतरत नाही." यांनी पेपर खाली ठेवला. मी काय समजायचं ते समजले.

आणि सासूबाई? "मांडीत दे हो, चालेल," म्हणाल्या! दिल्यावर वर म्हणतात, "तू दिलेलं कळतसुद्धा नाही गं. हिचा हातच जड आहे."

कागदावर लिहिलेला अख्खा डोस ताईंनी मांडीत दिला. सासूबाईंनी अंडं-ब्रेड खाल्लं, दूध प्यायलं. दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले तर गाऊन घामानं ओलाचिंब, हात थरथरतायत आणि मलाच विचारतायत, "तू कोण?" मी ओरडले. ताईंनी बोटाला सुई टोचून साखर बघितली, ती तळाला गेलेली. साखरपाण्याचे दोन चमचे पाजले, तेवढ्यात मान कलली. "आता तोंडात काही घालू नका, श्वासात जाईल!" त्या बरोबर वागल्या, मी नाही म्हणत नाही. पण ॲम्ब्युलन्सची वाट बघताना त्यांनी माझा दंड धरला. "मी द्यायच्या आधी तू एकदा दिलं होतंस ना? खरं सांग."

"नाही हो ताई!"

"मग एवढी साखर पडली कशी? डबल डोस गेलाय तिला!"

दार उघडं होतं आणि दारात शेजारीण उभी होती. मजल्यावर कळायला तेवढं पुरे.

दवाखान्यात सलाइनमधून ग्लुकोज गेलं आणि सासूबाईंनी डोळे उघडले. मला हुंदका आवरेना. तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांचं पोट तळहातानं चाचपलं आणि पोटावरच्या त्या उशीपाशी थांबल्या. "ही गाठ कधीपासून आहे?" मग त्यांनीच सांगितलं. एकाच जागी टोचत राहिलं की तिथली कातडीखालची चरबी अशी जाड होते. औषध तिथे नीट शोषलं जात नाही, म्हणून साखर उतरत नाही, म्हणून डोस वाढतो. आज तोच वाढलेला डोस चांगल्या जागी गेला आणि सगळाच्या सगळा लागू पडला.

म्हणजे डबल दिलं नव्हतं मी! छातीवरचा दगड उतरला. पण किती वेळ?

"एकाच जागी का देत होता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सासूबाईंकडे. त्या चांगल्या शुद्धीवर होत्या, ओळखत होत्या सगळ्यांना. मला त्यांचं एकच वाक्य हवं होतं, "मीच सांगितलं होतं." एवढ्या वर्षांची कमाई म्हणून एवढं एक वाक्य.

"मला काय कळतंय, बाळा," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "ती टोचते, मी डोळे मिटून घेते."

मी यांच्याकडे बघितलं. भिंतीवर हात कसे धुवावेत त्याची चित्रं होती, हे ती बघत बसले.

"मी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, जागा बदलायची म्हणून," ताई म्हणाल्या. "पण घरची माणसं आळस करतात."

आळस! "आईंनीच सांगितलं तिथे द्यायला," मी म्हटलं. "दुखत नाही म्हणून. यांनीही सांगितलं. विचारा यांना!"

"आता आजारी माणसावर ढकल," ताई म्हणाल्या. हे अजून त्या चित्रांकडेच बघत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि ताई दर खेपेला आल्या, चष्मा लावून सगळे रिपोर्ट वाचले, आईचा गाऊन एकदाही वर करून बघितला नाही. हे मला घरी आल्यावर सुचलं. मला सगळं घरी आल्यावरच सुचतं.

सासूबाईंना घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी डोस एकदम उतरवून दिला. रोज साखर तपासायची, गाठीला सुई लावायची नाही. "आता तरी नीट कर," असं दारात म्हणून ताई गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे बाथरूममध्ये दाढी करत होते. मी हात धुतले, नाव वाचलं, बाटली तळहातांत फिरवली. सासूबाईंनी आपणहून गाऊन वर केला आणि पोटावरच्या उशीवर थोपटलं. "इथेच दे गं. आता कोण बघतंय?"

एक क्षण वाटलं, द्यावं. ना आरडाओरडा, ना रुसवा. साखर चढेल, डोस चढेल आणि पुढच्या खेपेला पुन्हा मीच खुनी.

"मांडी," मी म्हटलं.

"दुखेल ना गं."

"माहितीये."

चिमटी धरली आणि सुई सरळ आत घातली. "मारलं गं बाई मला!" खालच्या मजल्यापर्यंत गेलं असेल. बाथरूममधून हे ओरडले, "अगं, हळू दे ना जरा!"

औषध आत गेलं होतं. पण सुई लगेच काढायची नसते, दहापर्यंत मोजायचं असतं, ताईंनी शिकवलंय. मी मोजलं. सासूबाईंच्या डोळ्यांत बघत, एकेक आकडा, सावकाश.